एकतिसाव्या तबकडीची सावली : एका सचित्र विज्ञानकथेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण म्हणजे एका मध्यम खपाच्या दिवाळी अंकात घडलेली हकीकत आहे. अंकाचं, लेखकाचं आणि चित्रकर्तीचं नाव देत नाही, कारण परवानगी देताना सगळ्यांनी तीच अट घातली. मी त्या अंकाचा कार्यकारी संपादक होतो. म्हणजे लेखकांना फोन करणं, चित्रं वेळेत मागवणं, प्रूफं वाचणं आणि प्रेसवाल्याची बोलणी खाणं ही चारही कामं माझ्याकडे.

का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंक आणि चित्र यांची जोडी आहे. पण कथेच्या वाट्याला चित्र येतं ते डोक्यावर, शीर्षकाशेजारी, एकच. लेखक कथा देतो, आम्ही ती चित्रकाराला पाठवतो, चित्रकाराला वेळ असेल तर तो ती पूर्ण वाचतो. विज्ञानकथा असेल तर वाचायचीही गरज पडत नाही. एक यंत्रमानव, नाहीतर डोळ्याच्या बाहुलीत एक ग्रह. तीस वर्षांपूर्वीचे अंक काढून बघा, हेच सापडेल.

त्या वर्षी मालकांच्या मनात वेगळं होतं. आर्ट पेपरवर सोळा पानांचा एक रंगीत फॉर्मा (एकत्र छापून दुमडला जाणारा पानांचा संच) आणि त्यात एकच गोष्ट, पानभर चित्रांची, बोलण्याचे फुगे नसलेली. मजकूर चित्राच्या कडेला चार-सहा ओळी. अट एवढीच की गोष्ट तालुक्याच्या गावात घडली पाहिजे. “यान काय उतरवायचं ते उतरवा, पण ते एसटी स्टँडच्या मागे उतरलं पाहिजे,” असं ते म्हणाले. अट विक्रीच्या हिशेबाने आलेली होती. आमचे निम्मे अंक तालुक्याच्या गावांतच जातात. पुढे सगळ्यात उपयोगाची तीच ठरली, हे मात्र मालकांच्याही ध्यानात नव्हतं.

लेखक निवृत्त भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना आम्ही सर म्हणतो, इथेही तसंच म्हणतो. सरांनी जागा निवडली नारायणगाव-खोडदचा परिसर, आणि निवड उत्तमच होती. जुन्नर तालुका हा मुळातच विज्ञानकथेसारखा आहे. बोरीला कुकडीच्या काठी प्राचीन ज्वालामुखीची राख सापडते, ती पार इंडोनेशियातून उडत आली असं अभ्यासक मानतात. आर्वीला विक्रम उपग्रह भूकेंद्र. उसात बिबट्या. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात. टोमॅटोच्या हंगामात क्रेट भरलेल्या पिकअपच्या रांगा. आणि या सगळ्याच्या मधोमध जीएमआरटी, म्हणजे मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ खोडदजवळ दाटीने आणि उरलेल्या १६ तीन बाजूंना वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. सगळ्यात लांबच्या दोन तबकड्यांत २५ किलोमीटरचं अंतर. बाहेरच्या तबकड्या कुंपणाच्या आत असल्या तरी भोवती माणसांची शेतं आहेत. कांदा काढताना बाई मान वर करते तर समोर ४५ मीटरची तबकडी आकाशगंगेकडे तोंड करून उभी.

सरांची मूळ कल्पना अशी: एका सकाळी टोमॅटोच्या वावरात एकतिसावी तबकडी उभी असते. ती कोणी बांधली, कोणालाच माहीत नाही. आम्ही आपसात गोष्टीला ‘एकतिसावी’ म्हणायला लागलो; छापताना नाव दुसरं दिलं.

अडचण

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर दोन गोष्टी होत्या. सरांचं ४,२०० शब्दांचं हस्तलिखित आणि चित्रकर्तीची अकरा कच्ची चित्रं. दोन्ही आपापल्या जागी चांगली होती. शेजारी ठेवल्यावर दोन्ही पडली.

आधी मजकूर. पहिली दोन पानं सुरेख होती. तबकडी उगवल्यावर गाव काय करतं, हे सरांनी फार मजेत लिहिलं होतं. तलाठी पंचनाम्याला येतो (आता पदाचं नाव बदललंय, पण गाव अजून तलाठीच म्हणतं). सातबाऱ्यावर तबकडीची नोंद कशी घ्यायची यावर खल होतो. पोटखराबा धरायचा तर वर्ग अ, म्हणजे लागवडीलाच अयोग्य, की वर्ग ब, म्हणजे सार्वजनिक कामासाठी सोडलेली? ई-पीक पाहणीत फोटो कशाचा टाकायचा? वायरमन येऊन बघतो आणि हिला वीजजोड कुठून आहे, एवढंच विचारतो. हे वाचताना मी एकटा बसून हसत होतो.

पण तिसऱ्या पानावर वेधशाळेतले शास्त्रज्ञ येतात आणि पुढे पाच पानं समजावत राहतात. १४२० मेगाहर्ट्झ म्हणजे काय, हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा म्हणजे काय, परग्रहावरून संदेश आला तर तो याच वारंवारतेवर का येईल. सगळं बरोबर. चित्रात मावणारं काहीच नाही.

सरांना दोष देऊन भागणार नाही. मराठी विज्ञानकथा विज्ञानप्रसाराच्या मांडीवर वाढली आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं, हा किस्सा सर प्रत्येक व्याख्यानात सांगतात. त्या पिढीच्या लेखकाला वाचकाला विज्ञान न समजावता कथा संपवणं म्हणजे पाहुण्याला चहा न देता पाठवण्यासारखं वाटतं.

आता चित्रं. चित्रकर्ती तिशीतली, हात तयार, जलरंगावर पकड. तिने कथा नीट वाचली होती. तरीही अकरापैकी आठ चित्रांत गाव परकं होतं. हिरवळ नको तिथे हिरवी, घरांना उतरती छपरं, आभाळाला तो थंड जांभळट रंग जो युरोपातल्या संध्याकाळींच्या चित्रांत दिसतो. एसटी लाल होती, पण दार भलत्याच बाजूला. तबकड्या पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत, भरीव, डीटीएचच्या छत्रीला हजारपट फुगवावं तशा. आणि एका चित्रात, ज्यावर पुढे सगळं फिरलं, एकतिसाव्या तबकडीखाली गार काळीशार सावली आणि त्या सावलीत बसून टोमॅटो निवडणाऱ्या बाया.

तिला विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं, “मी खोडद बघितलेलंच नाही. गुगलवर दहा फोटो बघितले आणि बाकीचं मनाने केलं.”

खोडद मीही बघितलेलं नव्हतं. पुणे-नाशिक रस्त्याने पन्नासदा गेलो असेन, नारायणगावात मिसळ खाल्ली असेल, पण खोडदच्या फाट्याला वळलो नव्हतो.

समोर असलेले पर्याय

दिवाळी त्या वर्षी नोव्हेंबरात होती. रंगीत फॉर्मा सप्टेंबरअखेर प्रेसला जाणं भाग होतं. हातात अडीच महिने, आणि वाटा चार.

पहिली, आहे तसं छापणं. मजकूर थोडा कापायचा आणि चित्रं तशीच लावायची. मालकांचा कल इकडे होता. “वाचक छपरं मोजत नाही,” असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, शहरातला वाचक मोजत नसेल. तालुक्यातला मोजतो, आणि पहिल्याच पानावर मोजतो. ओळखीच्या गोष्टी चुकल्या की अनोळखी गोष्टीवर त्याचा विश्वासच बसत नाही.

दुसरी, एआयकडून चित्रं करून घेणं. आमच्या कार्यालयातल्या एका उत्साही मुलाने एका दुपारीत चाळीस चित्रं काढून दाखवली. लांबून झकास. जवळून बघितलं तर दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वितळलेली, बाईच्या नऊवारीचा काष्टा कुठून सुरू होतो याचा पत्ता नाही, आणि चाळिसांपैकी एकाही चित्रात टोमॅटोला बांबू-सुतळीचा आधार नाही. चित्रकर्तीच्या चुका विचारून सुधारता येत होत्या. इथे विचारायचं कोणाला? शिवाय जुलैत तिच्याशी ठरलेलं काम सप्टेंबरात दुसरीकडून करून घेणं मला पटलं नाही. हा पर्याय मी एका दिवसात सोडला आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

तिसरी, जागाच बदलणं. काल्पनिक गाव, काल्पनिक वेधशाळा, म्हणजे चुका काढायला कोणी नको. सरांनाही हे चाललं असतं. पण नाव बदलून चित्र खरं होत नाही. परकेपणा गावाच्या नावात नव्हताच, बघण्यात होता.

चौथी वाट म्हणजे तिघांनी खोडदला जाऊन येणं, आणि मग मजकूर व चित्र दोन्ही पुन्हा. त्यासाठी दोन दिवस, एसटीचं भाडं, चित्रकर्तीला जास्तीचं मानधन आणि वेळापत्रकाला तीन आठवड्यांचा फटका. मालक जास्तीच्या मानधनाला राजी झाले, पण निम्म्याच. उरलेलं मी माझ्या मानधनातून वळतं केलं. मोठेपणा सांगत नाही, पण पैशाचा प्रश्न कसा सुटला हे प्रकरणात आलं पाहिजे म्हणून लिहितो.

खोडदच्या वाटेवर

ऑगस्टचा पहिला आठवडा. पाऊस उघडला होता आणि ऊन चटका देत होतं. वेधशाळेच्या आवारात मोबाईल बंद ठेवावे लागतात. त्या यंत्रणेला आपल्या खिशातला फोन म्हणजे कानाशी लावलेला भोंगा. म्हणून चित्रकर्तीने फोटोंचा नाद सोडला आणि वही काढली. हे फार बरं झालं. फोटो काढणारा बघून पुढे जातो, वहीवाल्याला थांबावं लागतं.

आम्ही बराचसा वेळ आवाराबाहेर, शेतांमधल्या एका तबकडीजवळच्या रस्त्यावर घालवला. पहिला धक्का तिथेच बसला. ती तबकडी भरीव नाही. ती जाळी आहे. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी, मध्यभागी एक सेंटिमीटरच्या चौकटींची आणि कडेला दोन सेंटिमीटरच्या. नळ्यांच्या सोळा कमानींमध्ये दोऱ्यांनी ताणून बसवलेली. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रचना काढली, त्यामुळे एवढी मोठी तबकडी हलकी झाली, वारा तिच्यातून पुष्कळसा निघून जातो आणि खर्चही आवाक्यात राहिला. रेडिओ लहर हातभर-दोन हात लांब, तिला एवढ्या बारीक भोकांची जाळी म्हणजे सलग पत्राच. आपल्या डोळ्याला मात्र त्यातून आरपार आभाळ दिसतं. ढग तबकडीच्या मागून जाताना दिसतात. सर हे सगळं तीस वर्षं शिकवत आले होते. तरी रस्त्यावर उभं राहून म्हणाले, “अरेच्चा, हिच्यातून दिसतं की.”

शेजारच्या वावरात एक बाई टोमॅटो बांधत होत्या. साठीच्या आसपास. चित्रकर्ती रस्त्याच्या कडेला बसून काढत होती, तिला ऊन लागत होतं. ती उठून तबकडीच्या सावलीकडे सरकायला लागली, तशा बाई हसल्या.

“तिच्या सावलीला कुठं बसती गं पोरी? चाळणीखाली बसल्यावानी हाय ती. इकडं ये, बाभळीखाली.”

चित्रकर्ती थांबली. आम्हीही खाली बघितलं. जमिनीवर त्या अजस्र वर्तुळाची सावली म्हणजे कमानींच्या काही ठळक रेघा, तबकडी ज्यावर उभी त्या बुरुजाचा काळा पट्टा, आणि बाकी सगळं जेमतेम मळकट झालेलं ऊन. साठ पावलं रुंद वस्तू डोक्यावर आणि खाली सावली नाही.

बाईंनी पाणी दिलं, भुईमुगाच्या शेंगा दिल्या, आणि अर्धा तास बोलल्या. तबकडीबद्दल दोनच वाक्यं. बाकी सगळं विजेबद्दल. शेतीपंपाची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी आली की मुलाला अंधारात पाणी धरायला जावं लागतं आणि उसात ‘वाघ’ असतो (बिबट्याला तिथे वाघच म्हणतात). “ह्यांना आभाळातलं समदं दिसतं म्हनं. आमच्या बांधावर राती एक दिवा लागंना,” एवढं म्हणून त्या पुन्हा सुतळीला लागल्या.

निर्णय : चूक दुरुस्त करायची की ठेवायची

परतीच्या एसटीत चित्रकर्ती म्हणाली, आता सगळ्या तबकड्या जाळीच्या करते आणि ती सावलीचं चित्र काढून टाकते. ते चुकलंच आहे.

ते चुकलं होतं हे खरं. पण नारायणगावहून पुण्याकडे येताना सर एकदम बोलले, “काढू नकोस. उरलेल्या तिसांना सावली नाही. एकतिसावीला आहे.”

या प्रकरणातला मोठा निर्णय हाच, आणि तो एसटीच्या मागच्या बाकावर झाला. एकतिसावीही जाळीचीच. दिसायला हुबेहूब बाकीच्यांसारखी, मागचं आभाळ तिच्यातूनही दिसतं. पण तिची सावली दाट, गार, काळी. म्हणजे ऊन कुठेतरी जातंय. ती ऊन साठवते. आणि रात्री, विजेची रात्रपाळी सुरू झाल्यावर, जेवढ्या जागेवर दिवसा सावली होती तेवढ्याच गोल जागेवर ती ते ऊन परत देते. मध्यरात्री काळ्याकुट्ट रानात पंचेचाळीस मीटरच्या गोलात दुपार. त्या दुपारीत एक माणूस टोमॅटोला पाणी धरतोय. गोलाच्या कडेला, अगदी उजेड संपतो तिथे, बिबट्या बसलाय. तो आत येत नाही.

परग्रहावरचा संदेश गेला, शास्त्रज्ञांची पाच पानंही गेली. सरांनी ती स्वतः कापली, मला हातही लावावा लागला नाही. मात्र एका गोष्टीवर आमचं दोन आठवडे जमेना. सावलीबद्दल मजकुरात एक वाक्य असावं, असं सरांचं म्हणणं. निदान वायरमनच्या तोंडी: “हिची सावली दाट कशी?” मी आणि चित्रकर्ती विरुद्ध. चित्रात जे दिसतंय ते शब्दात सांगितलं की वाचक चित्र बघायचं सोडून देतो. शेवटी सरांनी मान्य केलं, पण एका अटीवर. सुरुवातीला एक चित्र असं हवं की ज्यात खऱ्या तबकडीची विरळ, चाळणीसारखी सावली ठळक दिसेल, म्हणजे पुढची दाट सावली वाचकाला टोचेल. चित्रकर्तीने ते काढलं. शाळेचा मुलगा रस्त्याकडेला डबा खातोय, अंगावर नळ्यांच्या सावल्यांच्या रेघा, डोळे उन्हाने बारीक झालेले. तिसऱ्या पानाचं चित्र. सगळ्यांत साधं, आणि माझ्या मते हाताच्या दृष्टीने सगळ्यांत चांगलं. डब्यातल्या चपातीवरसुद्धा तिने एक रेघ पाडली होती.

मजकूर अखेर ९०० शब्दांवर आला. पोटखराब्याचा विनोद राहिला.

बाकी चित्रंही तिने मुळापासून केली. छपरं पत्र्याची झाली आणि त्यावर दगड आले. आभाळ धुळकट पिवळं झालं. एसटीचं दार जागेवर आलं. क्रेटना खरे रंग मिळाले. एक गोष्ट तिने कोणी न सांगता केली, ती मला फार आवडली. कुठल्याही चित्रात गावातलं कोणी एकतिसावीकडे बघत नाही. पारावरचे म्हातारे पत्त्यांत, पोरं मोबाईलमध्ये, तलाठी कागदात. विचित्र वस्तू गावात आठवडाभर राहिली की ती गावाची होते, हे तिला बाईंच्या वागण्यातून कळलं होतं.

छपाई आणि एक जाहिरात

रात्रीचं चित्र जोडपानाचं होतं. सोळा पानांच्या फॉर्म्यात खऱ्या अर्थाने सलग मिळणारं जोडपान एकच, मधलं, आठ-नऊ. बाकी कुठेही चित्र दोन पानांवर पसरलं तर ते दोन वेगळ्या जागी छापून बाइंडिंगमध्ये जुळवायचं असतं, आणि जुळतं तेव्हा नशीब. म्हणून गोष्टीचा शेवट पंधरा-सोळावर न ठेवता कळस आठ-नऊवर आणला आणि नंतरची पानं सकाळची, उतरत्या सुराची केली. छापखान्याच्या सोयीसाठी केलेला हा बदल गोष्टीला मानवला.

पहिलं कलर प्रूफ आलं तेव्हा रात्र चिखलासारखी दिसत होती. काळोखात चारही शाया भरून घातल्या की त्या दाट बसतात, वाळायच्या आत वरच्या कागदाच्या पाठीला लागतात, आणि सगळा फरक बुजतो. प्रेसमधल्या अनुभवी मशीनमनने उपाय सांगितला. काळोखातली पिवळी आणि लाल शाई कमी करा, काळ्याला निळ्याचाच आधार द्या, आणि उजेडाच्या गोलात कागद जितका कोरा ठेवता येईल तितका ठेवा. तसं केलं. दुपारचा तो गोल म्हणजे बराचसा न छापलेला आर्ट पेपर आहे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका पतसंस्थेची पूर्ण पान रंगीत जाहिरात आली. पैसे आगाऊ. कव्हरची पानं भरलेली. रंगीत फॉर्म्याशिवाय जागा नव्हती. मालक म्हणाले, सोळातलं एक पान द्या.

कुठलं द्यायचं हे मी ठरवलं, एका संध्याकाळीत. सर गावाला गेलेले, चित्रकर्ती फोन उचलेना. मी एकेक चित्र काढून बघितलं, कोणाविना गोष्ट पुढे जाते. तलाठ्याचं काढलं तर विनोद जातो. सकाळचं काढलं तर शेवट जातो. डबा खाणाऱ्या मुलाचं काढलं तर काहीच अडत नाही, कारण त्या चित्रात काहीच घडत नाही.

मी ते काढलं.

परिणाम

अंक वेळेत आला. फॉर्म्याची चर्चा झाली, पत्रं आली, त्या वर्षी कधी नव्हे ते चित्रकर्तीच्या नावाने वेगळी पत्रं आली.

पत्रांचे सरळ दोन ढीग झाले. मुंबई, नागपूर, कोल्हापूरकडच्या बहुतेक वाचकांना गाव आवडलं, पोटखराबा आवडला, रात्रीचं चित्र “अप्रतिम” वाटलं, आणि पुढचं वाक्य हमखास असं: पण तो उजेड कुठून आला ते कळलं नाही. काहींना ते स्वप्न वाटलं, एकाला रूपक. एका वाचकाने तो फ्लडलाइट धरला आणि महावितरणवरची टीका म्हणून माझं अभिनंदन केलं.

जुन्नर, आंबेगाव, नारायणगाव, मंचरकडून आलेली पत्रं वेगळी होती. तिथल्या कोणालाही शेवट अडला नाही. त्यांना सुरुवातच टोचली होती. एका शाळकरी मुलीने पोस्टकार्डावर लिहिलं की पान पाचवरची सावली बघूनच तिला कळलं की ही तबकडी आपली नाही. ती दर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनाला खोडदला जाते. एका निवृत्त अभियंत्याने मात्र कडक शब्दांत खडसावलं: जाळीच्या तबकडीची अशी सावली पडूच शकत नाही, विज्ञानकथा छापता तर निदान प्रकाशाचं शास्त्र तरी पाळा. सरांनी ते पत्र फ्रेम करून घेतलंय.

ज्यांनी खरी तबकडी पाहिली होती त्यांच्यासाठी तिसऱ्या पानाची गरज नव्हती. ज्यांनी पाहिली नव्हती त्यांच्यासाठीच ते होतं, आणि त्यांच्याच हातात ते पडलं नाही.

सर रागावले नाहीत. “अट माझी होती, तू मोडलीस,” एवढंच. चित्रकर्तीने दोन महिने फोन घेतला नाही. नंतर घेतला.

पुन्हा करायचं झालं तर

खोडदला जाणं जुलैत नव्हे, मार्चमध्ये, पहिली ओळ लिहायच्या आधी. ते इतकं उघड आहे की त्यावर लिहीत नाही.

चित्र कोणतं गाळायचं हे ठरवण्याची माझी कसोटी चुकली होती. मी ती शब्दांच्या कथेची लावली: ज्या परिच्छेदात काही घडत नाही तो कापा. चित्रकथेत काही चित्रं घडण्यासाठी नसतात, ती वजनमाप असतात. वाचकाला आधी किलोचं वजन दाखवलं नाही तर पुढचा सव्वा किलो त्याला कळणार कसा? नेहमीचं गाव, नेहमीची सावली, नेहमीची दुपार, हे आधी तबियतीत दाखवावं लागतं. एका अर्थी विज्ञानकथेतलं कष्टाचं काम तेच आहे, यंत्र काढणं त्या मानाने सोपं.

सरांचं ते एक वाक्य ठेवायला हवं होतं का, यावर माझं मत अजून डळमळतं. चित्र कापायचंच होतं तर वाक्य परत घालायला हवं होतं, हे नक्की. मी दोन्ही गाळलं, म्हणजे दोन पाय असलेल्या खुर्चीचे दोन्ही काढले. डमी (पानांचा कच्चा आराखडा) फोडताना कापलेल्या चित्राच्या भरवशावर मजकुरातून काय काढलं होतं याची नोंद जवळ असती, तर त्या संध्याकाळी ती दिसली असती. आता आम्ही प्रत्येक पानाखाली पेन्सिलीने लिहून ठेवतो: हे चित्र कोणतं वाक्य वाचवतंय.

आणि लेखक, चित्रकार यांच्यापैकी एक तरी फोनवर येईपर्यंत पान द्यायचं नाही. पतसंस्था एक दिवस थांबली असती.

जानेवारीत मी दोन अंक घेऊन खोडदला गेलो. बाई बांधावरच भेटल्या. त्यांनी पानं उलटली, क्रेटचे रंग बघून मान हलवली, तलाठ्याला ओळखलं (“हा आमच्यावालाच हाय”), आणि पान पाचवर बोट ठेवलं.

“हितं सावली पडलीया की.”

मी म्हटलं, हो.

त्यांनी पुढची दोन पानं उलटून रात्रीचं चित्र उघडलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग मुलाला हाक मारून ते दाखवलं. त्याने बिबट्याकडे बोट केलं आणि म्हणाला, हा असाच बसतो.

पुढे त्या सोळा पानांची वेगळी पुस्तिका काढायचं ठरलं, तेव्हा डबा खाणारा मुलगा तिसऱ्या पानावर परत आला. चित्रकर्तीने त्या एका चित्राचे पैसे पुन्हा लावले आणि मी मुकाट्याने दिले. पतसंस्थेने पुस्तिकेतही रंगीत पान मागितलं होतं. त्यांना मागच्या कव्हरच्या आतली बाजू दिली, थोड्या कमी दरात.